गिटार ॲम्प्लिफायरचे स्विच

गिटार ॲम्प्लिफायरचे स्विच : घरी बांधलेल्या ट्यूब (निर्वात नलिका) ॲम्प्लिफायरमध्ये वीजपुरवठा, उच्च दाबाची फांदी आणि स्वरातले बदल यांसाठी बसवलेले खटके. हौशी बांधणारा ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर निवडायला महिने घालवतो आणि स्विच मात्र पॅनेलवर शोभेल तो घेतो. ॲम्पमधल्या प्रत्येक जागी स्विचवर पडणारा ताण वेगळा असतो, म्हणून एकच जात सगळीकडे चालत नाही.

मुख्य स्विच : 50 वॉटचा ॲम्प 230 व्होल्टवर चालू असताना सहसा एक ॲम्पिअरही घेत नाही. खरी कसोटी चालू करण्याच्या क्षणी लागते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अजून चुंबकित व्हायचा असतो, कपॅसिटर रिकामे असतात आणि ट्यूबचे थंड तंतू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतात. काही मिलिसेकंदांसाठी प्रवाह दहापट किंवा त्याहूनही अधिक उसळतो. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर ही उसळी आणखी मोठी. हलक्या स्विचचे कॉन्टॅक्ट अशा वेळी एकमेकांना चिकटून बसतात आणि मग खटका खाली केला तरी ॲम्प बंद होत नाही. काही स्विचांवर ‘टीव्ही-5’ असा शिक्का असतो : 5 ॲम्पिअर सततचा आणि 78 ॲम्पिअर सुरुवातीच्या उसळीचा. असा स्विच मिळाला तर दुसरीकडे पाहू नये. स्विच दोन पोलांचा घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असणे आपल्याकडे नवीन नाही. अर्थिंगची तार मात्र कोणत्याही स्विचमधून नेऊ नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत छोटे टॉगल सुटे मिळतात. त्यांच्यावरचा ‘6 ॲम्पिअर’ हा आकडा बहुधा 125 व्होल्ट एसीचा असतो. त्याच अंगावर, बारीक अक्षरांत, 250 व्होल्टला 3 ॲम्पिअर लिहिलेले सापडते. डीसीचा आकडा बहुतेकदा छापलेलाच नसतो, आणि पुढच्या जागेसाठी नेमका तोच लागतो.

स्टँडबाय स्विच : फेंडरच्या 5एफ6-ए बासमनमध्ये हा स्विच होता. त्याच मंडलावर बेतलेल्या मार्शलच्या जेटीएम-45 मध्ये तो आला आणि पुढे गिटार ॲम्पची ओळखच बनला. तो 400 व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी तोडतो. 50 हर्ट्‌झच्या एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट सुटताना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला असा शून्याचा क्षण नसतो. कॉन्टॅक्ट दूर जातात तशी ठिणगी ताणली जाते आणि चांदीचा मुलामा जाळते. नेहमीच्या 250 व्होल्ट एसी टॉगलला डीसीवर पुष्कळदा 30 व्होल्टच्या आसपासचीच मान्यता असते. कारखान्यांच्या ॲम्पमध्ये असे स्विच वर्षानुवर्षे टिकले, ते तिथला प्रवाह शंभर-दोनशे मिलिॲम्पिअरच्या घरातला म्हणून.

घरच्या ॲम्पमध्ये स्टँडबाय बसवूच नये, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. उच्च दाबाने थंड कॅथोडचा लेप उखडतो, हे स्टँडबाय बसवण्यामागचे नेहमीचे कारण प्रेषकांतल्या मोठ्या ट्यूबना लागू पडते. 12एएक्स7 किंवा ईएल34 ला नाही. शिवाय जीझेड34 सारखी रेक्टिफायर ट्यूब असेल तर उच्च दाब मुळातच हळूहळू चढतो. उलट तंतू तापलेला आणि प्रवाह शून्य अशा अवस्थेत ट्यूब तासन्‌तास ठेवली तर कॅथोडची उत्सर्जनक्षमता घटते. दोन गाण्यांमध्ये शांतता हवी असेल तर मास्टर व्हॉल्यूमच्या मधल्या टोकावरचा सिग्नल जमिनीला जोडणारा साधा स्विच पुरतो. ज्याला स्टँडबाय हवाच आहे त्याने स्विचच्या दोन टोकांवर 47 किलोओहमचा, 5 वॉटचा रोधक जोडावा. त्याने पुढचे कपॅसिटर आधीच सावकाश भरतात आणि चालू करतानाचा तडाखा मऊ होतो.

पेंटोड-ट्रायोड स्विच : आउटपुट पेंटोडना ट्रायोडसारखे चालवणाऱ्या या स्विचने निम्मी शक्ती मिळते, म्हणजे फक्त 3 डेसिबल कमी. कानाला जेमतेम जाणवेल इतकाच फरक. ॲनोडवरचा दाब वाजवताना पुरवठ्याच्या जवळजवळ दुप्पट उसळतो आणि तो या स्विचवर येतो. इतक्या फरकासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

सिग्नलचे स्विच : इथे अडचण उलटी. ब्राइट स्विच 120 पिकोफॅरडसारखा छोटा कपॅसिटर व्हॉल्यूमवर आणतो आणि त्यातून मायक्रोॲम्पिअर वाहतात. चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेतल्या गंधकाने काळा थर धरतो; मोठा प्रवाह तो जाळून टाकतो, छोट्याला ते जमत नाही, आणि काही महिन्यांनी स्विच खरखरू लागतो. म्हणून इथे सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्यावेत. असे स्विच साधारण 0.4 व्होल्ट-ॲम्पिअरपर्यंतचेच असतात, तेव्हा ते चुकूनही वीजपुरवठ्याकडे लावू नयेत. कॅथोडचा 25 मायक्रोफॅरड कपॅसिटर स्विचने जोडला की स्पीकरमधून ‘ठप्प’ असा आवाज येतो, कारण कॅथोड दीड व्होल्टवर आणि कपॅसिटर शून्यावर असतो. स्विचला समांतर 100 किलोओहमचा रोधक लावला की कपॅसिटर कायम भरलेला राहतो आणि ठप्प थांबते.

स्टँडबाय असलेल्या ॲम्पबाबत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. स्टँडबाय आधी आणि मुख्य स्विच नंतर बंद केला तर पहिल्या कपॅसिटरचा भार ओढायला ट्यूब उरत नाहीत. प्लग काढल्यावरही तो बराच वेळ प्राणघातक दाबाने भरलेला राहतो. त्यावर 220 किलोओहमचा रोधक कायमचा लावावा, आणि तरीही दर वेळी मीटरने दाब मोजल्याशिवाय आत हात घालू नये.