बंद नाक आणि गेलेलं पदक

सायनसवाल्यांना वेगळं सांगायला नको. आठवडाभर ऑफिसच्या एसीत बसायचं आणि शनिवारी बॅडमिंटन खेळायला गेलं की दुसऱ्या गेमलाच कपाळात ठणका सुरू. मग मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी आणायची, गिळायची आणि खेळायचं. आपलं ठीक आहे हो, आपल्याला कोण तपासतंय! पण अशाच साध्या औषधांपायी मोठमोठ्या खेळाडूंनी पदकं गमावली आहेत.

२००० सालचं सिडनी ऑलिंपिक. रोमानियाची आंद्रेया रादुकान, वय वर्षं १६, जिमनॅस्टिक्सच्या ऑल-अराउंड प्रकारात सुवर्णपदक. सर्दी झाली म्हणून संघाच्याच डॉक्टरांनी तिला गोळी दिली होती. त्या गोळीत होतं स्यूडोएफेड्रिन. पदक गेलं, लवादाने अपीलही फेटाळलं. हे औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, सूज उतरते, श्वास मोकळा होतो. पण ते थोडंफार उत्तेजकही आहे, म्हणून बंदी.

दोन वर्षांनी सॉल्ट लेक सिटीला ब्रिटनच्या अलन बॅक्स्टरने स्कीइंगच्या स्लॅलममध्ये ब्राँझ मिळवलं. नाक चोंदलं म्हणून त्याने अमेरिकेतल्या दुकानातून व्हिक्सचा इन्हेलर घेतला. घरी नेहमी वापरायचा तोच ब्रँड! पण अमेरिकन इन्हेलरमध्ये लेव्हमेटॅम्फेटामिन होतं, ब्रिटिश इन्हेलरमध्ये नव्हतं. नाव तेच, आत वेगळंच. (आमच्या धंद्यात याला व्हर्जनचा घोळ म्हणतात. फक्त तिथे रोलबॅक करता येतो.) त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता हे मान्य झालं, पण पदक काही परत मिळालं नाही.

पुढे २००४ मध्ये स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून निघालं आणि २०१० मध्ये परत आलं. या वेळी मर्यादा घालून: स्पर्धेच्या काळात लघवीत प्रति मिलिलिटर १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. २०१४ मध्ये सोची इथे आइस हॉकीच्या फायनलच्या अगदी तोंडावर स्वीडनच्या निकलस बॅकस्ट्रॉमला बाहेर काढलं. आकडा निघाला १९०. तो सायनस आणि ॲलर्जीसाठी बरीच वर्षं तीच गोळी घेत होता, डॉक्टरांना माहीत होतं. कॅनडाने सामना ३-० जिंकला. बॅकस्ट्रॉमला रौप्यपदक नंतर मिळालं, पण फायनल खेळायची राहिली ती राहिलीच. मला विचाराल तर पदकापेक्षा तेच जास्त लागलं असेल.

मुळात गोळी किती कामाची? ऑस्ट्रियात ग्राझचे डॉक्टर वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी सायनसमधला शेंबूड वाहतो कसा याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. गालातल्या सायनसचं तोंड असतं वरच्या बाजूला, म्हणजे टाकीचा नळ तळाऐवजी झाकणापाशी! तिथवर तो बारीक केसांसारखे सिलिया ढकलत नेतात. वाट जेमतेम काही मिलिमीटरची. ती सुजून बंद झाली की आत साचतं आणि जंतूंचं फावतं. गोळीने सूज काही तास उतरते, आतला चिकटा तसाच.

म्हणून खेळणाऱ्याने आधी धुण्याकडे वळावं असं माझं मत. मिठाच्या पाण्याची जलनेती आपल्याकडे जुनीच आहे (हठयोगप्रदीपिकेतली नेती मात्र दोऱ्याची). पाणी उकळून गार केलेलंच हवं. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाचं पाणी नाकात घालून दोघे मेंदूच्या अमिबाने दगावले. नाकात टाकायचे ड्रॉप्स पटकन आराम देतात, पण सलग आठवडाभर वापरले तर उलट त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. ताप असेल, चेहरा सुजला असेल किंवा दहा दिवसांत बरं वाटत नसेल तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, त्या दिवशी कोर्ट राहू दे.

आणि तुमच्यापैकी कोणी जिल्हा-राज्य पातळीवर खेळत असेल तर गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. स्यूडोएफेड्रिन दिसलं तर स्पर्धेच्या निदान २४ तास आधी ती बंद करायची, असं खुद्द वाडाच सांगते.