संमतीचा अंगठा

महाराष्ट्रातील संततिनियमनाचा इतिहास बहुधा र. धों. कर्वे यांच्यापासून सांगितला जातो. १९२१ साली त्यांनी मुंबईत केंद्र उघडले आणि लोकनिंदा सोसून चालवले. त्याच शहरात १९५४ साली परळला गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी एक केंद्र निघाले व १९७० साली त्याची प्रजनन संशोधन संस्था झाली. हा अध्याय मात्र क्वचितच वाचला जातो. कर्व्यांकडे गरजू माणसे आपण होऊन येत. चाचणीत संशोधकाला माणसे शोधावी लागतात. सारा प्रश्न या उलट्या वाटेचा आहे.

ऐंशीच्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने संप्रेरक सोडणारी साधने तपासली: दंडात त्वचेखाली बसवायचे ‘नॉरप्लांट’, ‘नेट-एन’ इंजेक्शन, लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त तांबी. या तांबीची तांब्याच्या तीन प्रकारांशी केलेली तुलना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भ रोखण्यात ती उणी नव्हती. पण पाळीच्या तक्रारींमुळे अनेक स्त्रियांनी ती काढून घेतली.

१९८५ साली हैदराबादजवळील पाटणचेरू येथे नेट-एनसाठी स्त्रिया जमवल्या गेल्या. हा प्रयोग आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते. स्त्री शक्ती संघटना, सहेली आदींनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती २००० साली निकाली निघाली. समुपदेशन व देखरेखीची सोय नसताना हे इंजेक्शन सरसकट देणे योग्य नाही, हे शासनाने तेथे मान्य केले.

भिवंडीला हे दूरचे वाटू नये. येथील यंत्रमागांवर तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, उत्तरेकडील मुस्लिम कुटुंबेही आहेत. अहवालात ‘अनियमित रक्तस्राव’ हा किरकोळ दुष्परिणाम ठरतो. नमाज, पूजा, आधीच अंगात कमी असलेले रक्त, यांचा हिशेब ठेवणाऱ्या घरात तो किरकोळ नसतो. शिवाय गोळी बाईला स्वतः थांबवता येते. दंडातील कांडी काढायला दुसऱ्याचा शिकलेला हात लागतो.

तरीही सरसकट विरोध हे उत्तर नव्हे. नसबंदीखेरीज दुसरा पर्याय न दिसणाऱ्या स्त्रीला पाळणा लांबवण्याचे साधन हवेच असते. २०१७ पासून ‘अंतरा’ इंजेक्शन शासकीय कार्यक्रमात आहे. ते घेणारीला त्याचे परिणाम तिच्या भाषेत, तेलुगूत वा उर्दूत, कोणी सांगितले का, आणि नको झाल्यास कोठे जायचे हे तिला ठाऊक आहे का? कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, हाच पाटणचेरूचा धडा आहे.