पावशेराचा जोडा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून सोनाळ्याला आली ती रुसूनच. वय वर्षे बारा. पाच वर्षांपासून ती बॅले शिकते. बॅगेच्या तळातून तिने गुलाबी सॅटिनचे दोन जोडे काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "नाना, तुम्हीच सांगा, यात काय वाईट आहे?" घरच्यांच्या मागे लागून तिने ते ऑनलाइन मागवले होते. जाहिरातीत 'अत्यंत हलके' असे लिहिलेले होते, तेवढा एक शब्द वाचून. शिकवणाऱ्या बाईंनी जोडे हातात घेतले, मधोमध वाकवून पाहिले आणि परत दिले. म्हणाल्या, हे घालून वर्गात यायचे नाही. काही हजार रुपये गेले ते गेलेच.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. बॅले मी पाहिला तो टीव्हीवर, तोही चॅनेल बदलता बदलता. मला काय कळणार? पण हलके आणि जड या विषयात कवी माणसाला थोडे बोलता येते. लघु-गुरूचा हिशेब मांडण्यातच आमची निम्मी हयात जाते. म्हणून जोडे उचलले आणि नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, आता जोडे बी तोलून घेता काय?" काट्यावर आकडा आला २४० ग्रॅम. दोन्ही मिळून. आमच्या जुन्या मापाने पावशेर.

तिथे उभ्या उभ्या मला दुसरे एक वजन आठवले. लहानपणी गावातल्या सोनाजी महाराजांच्या यात्रेत तमाशाची कनात लागायची. दुपारच्या वेळी आम्ही पोरे कनातीच्या मागे घुटमळत असू. एकदा तिथे बसलेल्या बाईंनी मला घुंगरांचा पट्टा उचलून द्यायला सांगितले. मला तो एका हाताने उचलला नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दोन-अडीच किलो आहे बाळा, असा एकेका पायात." रात्री त्याच पायांनी त्या कशा नाचल्या ते मी चोरून पाहिले. घरी मार खाल्ला, ती गोष्ट वेगळी. एका नाचात पायाला किलोकिलोचे ओझे बांधायचे आणि दुसऱ्यात ग्रॅमग्रॅमने कमी करायचे, हे काय गौडबंगाल आहे, म्हणून मी वाचू लागलो. जे सापडले ते आज सांगतो.

पॅरिसच्या ऑपेरात १६८१ साली पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी रंगमंचावर आल्या. त्या काळी त्यांच्या पायात टाचांचे बूट असत आणि अंगावर जमिनीला टेकणारे घोळदार झगे. पुढच्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने टाच काढून टाकली आणि झगा थोडा वर घेतला, कारण तिला उड्या मारायच्या होत्या आणि त्या लोकांना दिसायलाही हव्या होत्या. झगा वर गेल्याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली म्हणतात. टाच गेल्याची फारशी झाली नसावी, पण खरी क्रांती तीच होती. मग १७९६ साली लंडनमध्ये शार्ल दिदलो याने नर्तकांना तारा बांधून उचलण्याची युक्ती काढली. तारेने वर खेचले की पायाची फक्त टोके जमिनीला लागत आणि पाहणाऱ्याला वाटे, ही बाई हवेची आहे.

तारेशिवाय हे करून दाखवले मारी तालिओनीने. टोकावर उभी राहणारी ती पहिली नव्हे, पण त्या कसरतीतून कविता तिने काढली. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसला 'ला सिल्फीद' हा बॅले झाला. त्यात ती वनातली परी होती आणि परीला वजन नसते. तिच्या पायात काय होते? साधे सॅटिनचे मऊ जोडे, खाली पातळ चामडे. आधार असा काहीच नाही. बाजूला आणि टोकाला सुईदोऱ्याने घातलेले टाके, तेवढाच काय तो टेकू.  ती उभी राहिली, कारण बापाने तिच्याकडून व्हिएन्नात दिवसाचे सहा सहा तास मेहनत करून घेतली होती. जोड्यात नव्हते ते सगळे पायात आणावे लागले. तरी टोकावर ती थांबत असे क्षणभरच.

तिच्या जोड्यांची आणखी एक गोष्ट सांगतात. १८४२ साली ती सेंट पीटर्सबर्ग सोडून निघाली तेव्हा चाहत्यांनी तिचा एक जोड दोनशे रूबलला विकत घेतला, शिजवला आणि रश्श्याबरोबर खाल्ला. नातीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

क्षणभर उभे राहून पुढच्या नर्तकींचे भागेना. इटलीच्या मुलींना गिरक्या घ्यायच्या होत्या. मिलानच्या कारागिरांनी त्यांच्यासाठी टोकाशी अधिक टणक, अधिक चपटा जोडा बनवला. तो घालून पिएरिना लेन्यानी रशियात गेली आणि १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायाच्या टोकावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. म्हणजे गंमत बघा. जोडा थोडा जड झाला तेव्हा नाच आणखी हलका दिसू लागला.

यानंतरचे नाव आपल्या मुंबईला जोडलेले आहे. आना पावलोवा. तिचे पाय बारीक आणि तळव्याची कमान फार उंच, त्यामुळे सगळा भार अंगठ्यावर येई. तिने जोड्यात आतून चामड्याची जादा पट्टी बसवून घेतली आणि टोक चपटे, टणक केले. आजच्या पॉइंट शूजची मूळ आई ही. पण टोक चपटे केले की जोडा बोजड दिसतो. म्हणून ती आपल्या छायाचित्रांवर ब्रश फिरवून टोक बारीक करून घेत असे. आधार हवा, पण तो दिसायला नको.

ही पावलोवा दोनदा हिंदुस्थानात येऊन गेली. दुसऱ्या खेपेला, १९२८ साली, मुंबईच्या तिच्या प्रयोगाला रुक्मिणीदेवी अरुंडेल हजर होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची गाठ पडली, मैत्री झाली आणि रुक्मिणीदेवी पावलोवाच्या एका सहकारी नर्तकीकडे चक्क बॅले शिकू लागल्या. पावलोवाने त्यांना सल्ला दिला तो मात्र आपल्या मातीतला नाच शोधण्याचा. त्या आधी १९२३ मध्ये लंडनला उदय शंकर तिच्या राधेसमोर कृष्ण होऊन नाचले होते. हे उदय शंकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले. त्यांनाही तिने तेच सांगितले. मादाम मेनका म्हणून गाजलेल्या लीला सोखी यांनाही पावलोवाचेच उत्तेजन मिळाले. त्या कथकाकडे वळल्या, १९३६ साली बर्लिनमध्ये आपला ताफा घेऊन नाचून आल्या आणि मग खंडाळ्याला त्यांनी नृत्याची शाळा काढली. पॉइंट शूजला आजचे रूप देणाऱ्या बाईने आपल्याकडच्या तिघांना घुंगरांकडे परत पाठवले! हे वाचून मला कनातीमागच्या त्या बाई आठवल्या. त्यांना मात्र कोणी परत पाठवावे लागले नव्हते. त्या कुठे गेल्याच नव्हत्या.

आता जोडा बनतो कसा, ते ऐका. मला वाटले होते, टोकात लाकूड असेल, नाहीतर लोखंड. तसे काही नाही. आत असते गोणपाट, कापड, कागद आणि खळ. कणकेची खळ, जिने आपण पतंग चिकटवतो, तिच्याच जातीची. थरावर थर चिकटवून बोटांभोवती एक पेटी तयार करतात. जोडा आधी उलटा शिवतात, मग सुलटा करतात, हातोडीने टोक ठोकून आकार देतात आणि भट्टीत वाळवतात. तळव्याखाली एक कडक पट्टी असते, तिला शँक म्हणतात. लंडनला १९२९ साली फ्रेडरिक फ्रीड यांनी सुरू केलेल्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची तळव्यावर ठसा उमटवण्याची स्वतःची खूण असते. कोणाचा नांगर, कोणाचा मासा, कोणाची घंटा. नर्तकीला कारागिराचे नाव माहीत नसते, पण तिला जोडा लागतो तो 'मासा'वाल्याचाच. तो निवृत्त झाला की हिच्या डोळ्यांत पाणी. मला हे नाते फार आवडले.

खळ म्हटली की घाम आला. घामाने पेटी मऊ पडते आणि मग नर्तकी म्हणतात, जोडा मेला. मोठ्या भूमिकेत एका रात्रीत जोड मरतो. यावर न्यूयॉर्कच्या गेनॉर मिंडेन कंपनीने १९९३ साली प्लास्टिकच्या जातीचा लवचीक पदार्थ वापरून पेटी आणि शँक बनवले. त्याला घाम लागत नाही, ते टिकतात जास्त. जुन्या वळणाचे लोक नाके मुरडतात. मुरडू देत. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला टिकाऊपणाचे महत्त्व कळते.

जानेवारीत माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या, मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्याला झाले. त्या मुक्कामात नातीचे नवे जोडे घ्यायचे ठरले, या वेळी पाय दाखवून. मीही सोबत गेलो. तासभर लागला. लग्नाच्या शेरवानीला आमच्याकडे इतका वेळ लागत नाही. आधी उघडा पाय पाहिला. बोटे सारख्या लांबीची की उतरती, चवडा रुंद की अरुंद, कमान किती. मग जोडा घालून गुडघे वाकवायला लावले, तेव्हा बोटांची टोके पेटीला जेमतेम लागली पाहिजेत आणि आत दुमडता कामा नयेत. मग टोकावर उभे केले आणि टाचेमागे चिमटीत येईल एवढेच कापड सुटते का ते बघितले. पेटी सैल असली की पाय आत घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या नखावर. ऑनलाइन जोड्यात हेच होत होते. त्याचा हलकेपणा आला होता तो कमी थरांतून आणि लेच्यापेच्या शँकमधून. नातीच्या तळव्याची कमान मुळातच लवचीक. असा पाय मऊ पट्टीवर पुढे कलंडतो आणि घोट्याला इजा होते. बाई रागावल्या होत्या त्या याच भीतीने. बारा वर्षांच्या मुलीची हाडे अजून वाढत असतात.

शेवटी जो जोड पायात बसला तो हातात घेतल्यावर आधीच्यापेक्षा जरा जडच लागला. नात टोकावर उभी राहिली, खाली आली, पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "नाना, हा हलका आहे." दुकानात काटा नव्हता आणि मीही वजनाचे काही बोललो नाही.

एक प्रश्न मात्र मला पडला. गुलाबीच का? तर तो रंग गोऱ्या पायाचा, म्हणजे पायाची रेघ तुटत नाही. सावळ्या, काळ्या मुली वर्षानुवर्षे जोड्यांना मेकअप फासून आपल्या रंगाचे करीत आल्या. लंडनच्या बॅले ब्लॅक या संस्थेबरोबर फ्रीडने तपकिरी रंगांचे जोडे काढले ते २०१८ मध्ये. तालिओनीनंतर दीडशेच्या वर वर्षे गेली त्याला.

घरी आलो. आपाला या नाचाचे पहिल्यापासून वावडे. मुलीच्या जातीने नाचावे का, हा तिचा सवाल. नवी मुंबईच्या वेल्डरचा मुलगा आमिरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला, ते मी तिला सांगून पाहिले होते. ती म्हणाली, "वो लडका है." खरेच होते ते. मुलग्यांच्या पायात तर ही पेटीही नसते, साधे मऊ जोडे असतात.

जोड्यांना रिबिनी शिवून मिळत नाहीत. प्रत्येकीने आपापल्या पायाच्या अंदाजाने त्या शिवायच्या असतात. नात सुई घेऊन बसली आणि दोनदा बोट टोचून घेतले. आपाने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. बराच वेळ ती पाहत राहिली, मग हात पुढे केला. जोडा उलटसुलट केला. "इत्ते से जूते के इत्ते पैसे?" म्हणाली. मग विचारले, घोट्याला आवळायचे ते कुठून. नातीने पाय पुढे करून दाखवले. आपाने जुना चष्मा बाजूला ठेवला, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला.