अंथरुणातून उठवण्याचा इतिहास

१९३५ साली पश्चिम लंडनच्या आयलवर्थ भागातल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या वर्कहाउसचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथले ७१४ रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आले. १८३४ च्या गरीब कायद्याने इंग्लंडभर वाढवलेली वर्कहाउसं ही निराधारांना पोसण्याची, आणि पोसताना लाजवण्याचीही, व्यवस्था होती. तिच्या दवाखान्यांत म्हातारी माणसं वर्षानुवर्षं खाटेवर पडून असत. ‘जुनाट आजारी’ एवढा शिक्का बसला की पुन्हा तपासणी नाही, निदान नाही. वॉरन यांचा ओढा तोवर शस्त्रक्रियेकडे होता. पण त्यांनी यातला प्रत्येक रुग्ण तपासायला घेतला, आणि या तपासणीतून जे बाहेर आलं ते मला वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाचं वाटतं: वयामुळे आलेली म्हणून सोडून दिलेली दुर्बलता बऱ्याच अंशी खाटेनेच आणली होती.

त्यांचे उपाय साधे होते. कोण हिंडूफिरू शकतो, कोण अंथरुणाला खिळला आहे, कोणाचा लघवी-शौचावर ताबा नाही, कोणाची बुद्धी भ्रमिष्ट झाली आहे, अशी त्यांनी रुग्णांची वर्गवारी केली. अंधाऱ्या वॉर्डांच्या भिंतींना फिका रंग दिला, उजेड वाढवला, धरून चालण्यासाठी कठडे बसवले. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्यांना उभं करून पावलं टाकायला शिकवलं. कित्येक जण घरी किंवा वृद्धाश्रमात जाण्याइतके सुधारले आणि लागणाऱ्या खाटा सुमारे २४० वर आल्या. वृद्धांचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच असावेत आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवावं, ही मागणी त्यांनी १९४३ पासून लेखांतून मांडली.

खाट नेमकं काय करते, हे १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एकेक अवयव घेऊन सांगितलं: फुप्फुसांत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम झरतं. पुढे २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं चरबीविरहित वजन जवळजवळ एक किलोने घटलं. आजारी माणसाचं किती घटत असेल! ही झीज किती दूर जाते, ते २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांवर वृद्धांच्या नोंदींतून दाखवलं. नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल झालेली हाताची पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल, यांतली तीन लक्षणं असली तर पुढच्या काही वर्षांत पडणं, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, परावलंबन आणि मृत्यू या सगळ्यांचा धोका वाढतो.

यावर आक्षेप येतो की वॉरन यांचं काम म्हणजे काही शास्त्रीय चाचणी नव्हे. त्या वॉर्डांतले अनेक जण आजारी नव्हतेच, नुसते बेघर होते. हे खरं आहे, पण धडधाकट माणूस खाटेवर पडून राहिला, हा दोष तर अधिकच गंभीर. शिवाय चाचण्या पुढे झाल्या. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात वृद्धांसाठीच्या खास विभागात ठेवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २४ टक्के दगावले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. २००२ च्या मोठ्या चाचणीत आयुर्मानातला असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण तिथेही रुग्णालयातल्या अशा विभागांत राहिलेल्यांची स्वतःची कामं करण्याची क्षमता कमी ढासळली. वयाबरोबर स्नायू झिजतात, हेही नाकारता येत नाही. तरी १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा हा आकडा लहान आहे, पण त्या वयात स्नायू दाद देतच नाहीत, ही समजूत मोडायला तो पुरतो.

दुसरा आक्षेप मायेतून येतो आणि आपल्याकडे तो घरोघरी ऐकू येतो: जन्मभर राबलेल्या माणसाला आता तरी बसू द्या, उठबस कशाला करायला लावता? या बोलण्यातला आदर खरा आहे, म्हणूनच त्याचं उत्तर जपून द्यावं लागतं. कष्टातून सुटका आणि हालचालीतून सुटका या वेगळ्या गोष्टी आहेत. भाजी निवडणं, देवपूजेची फुलं तोडणं, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं, हे सगळं प्रेमापोटी हातातून काढून घेतलं की त्याबरोबर पायांतलं बळही जातं, आणि मग शौचालयापर्यंत जायलाही दुसऱ्याचा हात लागतो. वॉरन यांनी विश्रांती कोणाला नाकारली नव्हती. खरोखरच उठू न शकणाऱ्यांची सोय त्यांनी वेगळी आणि अधिक काळजीने केली. फक्त कोण उठू शकत नाही, हे त्यांनी वय पाहून नव्हे, रुग्ण तपासून ठरवलं.