तोंड मिटून बसण्याचा इतिहास

आमच्या आबांनी सत्तरी ओलांडली आणि एकाएकी त्यांना विरक्ती आली. लग्नाकार्याला जाणं सुटलं, पंगतीत बसणं सुटलं, बोलणं नुसत्या 'हूं'वर आलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या काकूंनी तर येऊन नमस्कारही करून घेतला. पुढे उलगडा झाला, की वैराग्य वगैरे काही नव्हतं. आबांचे दात गेले होते. चकली फुटत नव्हती, आणि 'सदाशिव' म्हणायला गेलं की तोंडातून नुसता वारा सुटायचा.

म्हणूनच जॉर्ज वॉशिंग्टन या गृहस्थाविषयी मला फार आपुलकी वाटते. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कला त्यानं अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा वय होतं ५७ आणि तोंडात स्वतःचा दात उरला होता एक! इंग्रजांना घालवणं जमलं, दातांना थांबवणं काही जमलं नाही.

त्याची कवळी लाकडी होती असं लोक सांगतात. ते खोटं. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्यानं पाणघोड्याचा दात कोरून तिची बैठक केली, तीत माणसांचे दात बसवले आणि वरचा-खालचा भाग स्प्रिंगांनी जोडला. स्प्रिंगा सदैव जबडा उघडू पाहायच्या, म्हणजे तोंड मिटायचं तर दातओठ खातच बसायचं! १७९६ सालच्या गिल्बर्ट स्टुअर्टच्या चित्रात ओठ असेच आवळलेले आहेत. तेच चित्र पुढे डॉलरच्या नोटेवर गेलं, आणि जग त्याला करारी मुद्रा म्हणू लागलं. १७९३ साली दुसऱ्यांदा शपथ घेताना त्यानं भाषण १३५ शब्दांत उरकलं. दातांमुळेच, असं मी म्हणत नाही. पण आमच्या आबांनी तेवढंसुद्धा केलं नसतं.

आता, हे माणसांचे दात यायचे कुठून? इथे हसू जरा आवरतं. वॉशिंग्टनच्या १७८४ च्या जमाखर्चात काळ्या लोकांना नऊ दातांपोटी ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते दात कुणाच्या तोंडात बसले ते वही सांगत नाही. पण गुलामाला 'नाही' म्हणायची सोय कुठे होती? १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरण्या शिपायांचे दात उपटून विकले गेले, आणि श्रीमंत म्हातारे त्यांच्यावर जेवले. १८५० नंतर कडक रबराच्या बैठकीवर चिनी मातीचे दात बसू लागले, तेव्हा कुठे कवळी साध्यासुध्या माणसाच्या आटोक्यात आली.

आबांची कवळी दिवाळीच्या तोंडावर आली. पहिले आठ दिवस तिचा मुक्काम पाण्याच्या पेल्यातच होता. नवव्या दिवशी आबा पंगतीत येऊन बसले. चकली मोडली. सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा आवाज झाला. मग तासभर त्यांनी आम्ही पन्नासदा ऐकलेल्या हकिकती पुन्हा सांगितल्या, आणि 'सदाशिव' हे नाव मुद्दाम चारदा घेतलं.

आईनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. वैराग्य उतरलं होतं.