ज्वारीचा विमा आणि भाच्याचं साडेनऊ हजारांचं बिल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा इतिहास एका नामंजूर झालेल्या क्लेमपासून सुरू होतो.

माझी ताई हिंगणघाटला असते. तिचा मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून दर आठवड्याला चिठ्ठी यायची: जागेवर बसत नाही, वही अर्धवट, उत्तर येतं पण प्रश्न संपायच्या आत ओरडतो. आई म्हणायची, “काही होत नाही त्याले. तुये बाबा बी असेच होते.” शेवटी ताई आणि भाऊजी त्याला घेऊन नागपूरला गेले. तीन फेऱ्या झाल्या, एडीएचडीचं निदान झालं, तपासणीचे साडेनऊ हजार लागले. घरात मीच कॉम्प्युटरवाला, त्यामुळे क्लेमचा फॉर्म माझ्याकडे आला. मी सगळी बिलं स्कॅन करून टाकली. बारा दिवसांनी उत्तर आलं: रुग्ण २४ तास दाखल नव्हता, म्हणून देय नाही.

ताईचा फोन आला. “अरे, पोट्ट्याले ॲडमिट करायचं होतं का मग?”

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचलो.

आधी तपासणीचं बघू. एडीएचडी रक्ताच्या चाचणीत दिसत नाही, स्कॅनमध्येही नाही. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात, गरज वाटली तर बुद्ध्यांक चाचणी करतात. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हाही त्याचं साधन हेच होतं: मुलाला नीट बघणं आणि घरच्यांचं ऐकणं. पुढे नावं बदलत गेली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत ‘एडीडी’ आलं, १९८७ मध्ये त्याचं ‘एडीएचडी’ झालं. पद्धत मात्र बोलण्याचीच राहिली. बोलायला खाट लागत नाही. आणि आपला विमा खाटेपासून सुरू होतो.

असं का? आपल्याकडे सर्वसामान्यांना माहीत झालेला आरोग्यविमा म्हणजे मेडिक्लेम. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी तो १९८६ मध्ये आणला आणि तो मुळात दवाखान्यात दाखल होण्याच्या खर्चासाठी होता. नंतर खासगी कंपन्या आल्या, ॲप आले, कॅशलेस आलं, पण पाया तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या कोडवर नवा स्क्रीन.

आता सेवाग्रामला चला. कस्तुरबा हॉस्पिटल गांधीजींच्या हयातीतलं. त्याला जोडून १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. ग्रामीण भागातलं देशातलं हे पहिलं. तिथले डॉ. उल्हास जाजू १९८० च्या आसपास सहकाऱ्यांसोबत भोवतालच्या खेड्यांत एक योजना चालवायला लागले. तिची नोंद पुढे जागतिक पातळीवरच्या अभ्यासांतही झाली: ज्वारीचा आरोग्यविमा.

हप्ता ज्वारीत. पीक निघालं की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या घरात धान्य असतं, रोकड नसते. म्हणून वसुलीही तेव्हाच. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च निघायचा. अचानक आलेल्या आजारात दवाखान्यात मोफत उपचार. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींना, म्हणजे साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, खर्चाचा चौथा हिस्सा रुग्णाने द्यायचा.

आणि मला सगळ्यात आवडलेला नियम: गावातली साधारण ७५ टक्के घरं सामील झाली तरच गाव योजनेत. विमा कंपन्यांची मोठी भीती अशी असते की ज्याला आजार आहे तोच पॉलिसी घेईल. ओपीडीला हात लावायला त्या कचरतात, त्यामागे हीच भीती आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी ती एका अटीने सोडवली. निरोगी घरंही आत आली की हिशेब सांभाळता येतो.

फार गोडवे गाऊ नयेत हेही खरं. जमा होणाऱ्या ज्वारीतून दवाखान्याचा खर्च भागत नव्हता, मोठा भार हॉस्पिटल स्वतः उचलत होतं. पुढे आपल्याकडे ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं. आणि वर्गात न बसणाऱ्या पोराला तेव्हा कोणी कुठे न्यायचंही नाही. पण त्या योजनेची सुरुवात गावातल्या माणसापासून होती, खाटेपासून नाही. मेडिक्लेमच्या काही वर्षं आधी, हिंगणघाटहून तासाभराच्या वाटेवर, विम्याचा दुसरा आराखडा चालू होता.

मग कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलं, २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मी हे वाचून खूश झालो होतो. पण ‘त्याच धर्तीवर’ हे शब्द नीट वाचा. तापाची ओपीडी पॉलिसीत नसेल, तर मनाचीही नसणार. समानता आहे, पण साडेनऊ हजार खिशातूनच.

ओपीडीचा विमा अशक्य आहे असंही नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने २१ प्रकार मोजले, त्यात अध्ययन अक्षमता आली, एडीएचडी वेगळं आलं नाही.

एक दार मात्र उघडं होतं आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीतली आणि सरकारी व अनुदानित शाळांमधली १८ वर्षांपर्यंतची मुलं फिरती पथकं तपासतात, पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर पाठवतात, मोफत. शोधायच्या गोष्टींच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे! माझा भाचा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातो. पथक त्याच्या शाळेत येत नाही. फी भरून आम्ही मोफत तपासणीच्या बाहेर पडलो होतो.

तर ताईला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का, हे तपासणीआधी लेखी विचारा, फोनवर नाही. पोरगं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना पथक कधी येतं ते विचारा. नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत आधी जा. रांग लागेल, पण केस पेपरचे पैसे परवडतात. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि निदान झालं की पुढच्या विमा अर्जात ते लपवू नका. लपवलेलं नंतर मोठ्या क्लेमच्या वेळी आडवं येतं.

भाच्याचं सांगायचं राहिलं. आता तो पहिल्या बाकावर बसतो, बाई दर वीस मिनिटांनी त्याला खडू आणायला पाठवतात. पुढच्या फेऱ्या सरकारी ओपीडीत चालू आहेत. परवा बाबांना मी एडीएचडीची लक्षणं वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मले मास्तर रोज मारत होते बे.”

त्यांची तपासणी कोणी केली नाही. नातवाची झाली. त्या साडेनऊ हजारांचा आता मला राग येत नाही. पण ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांच्या पोरांना अजून मारच मिळत असेल, हे डोक्यातून जात नाही.

तुमच्या गावात ज्वारी दिलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.