डोलकाठीचे झाड

होडीची डोलकाठी मोडली, की तिच्या मालकाला आधी झाड शोधावे लागते. फुटलेली फळी बदलता येते, फाटलेले शीड शिवता येते, दोर नवा वळता येतो. डोलकाठीचे मात्र तसे नाही. मोठ्या युद्धनौकांच्या डोलकाठ्या अनेक तुकडे जोडून, त्यांवर लोखंडी कडी चढवून केल्या जात. लहान गलबताला आणि कोळ्याच्या होडीला ही चैन परवडत नसे. तिथे एकच अखंड सोट लागे. तो सरळ हवा, बिनगाठीचा हवा, वजनाने हलका हवा आणि वाऱ्याच्या झोतात लवला तरी न मोडणारा हवा. इतके गुण एका झाडात क्वचितच एकत्र येतात, आणि आलेच तर ते झाड बहुधा समुद्रापासून फार दूर, डोंगरात असते.

ही अडचण जहाजाइतकीच जुनी आहे. सोर नगरीवरील विलापगीतात यहेज्केल संदेष्टा त्या नगरीला एका देखण्या गलबताची उपमा देतो. त्या गलबताच्या फळ्यांचे लाकूड एका डोंगरावरचे, तर डोलकाठीसाठी मुद्दाम लबानोनचा गंधसरू आणलेला, असे त्याचे वर्णन आहे. संदेष्ट्याला जहाजबांधणीची बरीच माहिती असावी, असे हा अध्याय वाचताना आम्हांस नेहमी वाटते. पुढे अठराव्या शतकात कप्तान कुक याच्या ‘रिझोल्यूशन’ जहाजाची पुढची डोलकाठी हवाई बेटांजवळच्या वादळात निकामी झाली. ती दुरुस्त करण्यासाठी, नुकत्याच सोडलेल्या केआलाकेकुआ उपसागरात त्याला परत फिरावे लागले. तेथील रहिवाशांशी तंटा वाढला आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी कुक मारला गेला. डोलकाठी धड राहिली असती, तर तो त्या किनाऱ्यावर पुन्हा उतरला नसता.

आपल्याकडे जहाजाचे लाकूड म्हटले की सागवान आठवते. सागाच्या अंगी तेल असल्याने त्यात ठोकलेला खिळा लवकर गंजत नाही, आणि पाण्यात लाकूड फारसे वाकत-फुगत नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. परंतु साग जड. जहाजाच्या अंगाला तो शोभतो, उंच काठीला तितका नाही. माथा जड झाला की नौका कलंडण्याचे भय असते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर डोलकाठीसाठी नाव घेतले जाई ते पुन या वृक्षाचे. कोकणात वाडीच्या कडेला दिसणारी उंडी त्याच्याच कुळातली. तिचे लाकूडही होड्यांना लागते, पण ती बहुधा वाकडीतिकडी वाढते. कारवार आणि मलबारच्या सदाहरित घाटात वाढणारा पुन मात्र उजेडासाठी इतर झाडांशी चढाओढ करीत सरळ वर जातो आणि खूप उंचीपर्यंत फांदी फोडत नाही.

असा सोट मिळाला, तरी पुढचे काम सोपे नसे. तो सावलीत वाळू द्यावा लागे. मग सुतार त्याला आधी चौकोनी ताशी, नंतर कडा मारून आठ पैलू पाडी, मग सोळा, आणि शेवटी रंध्याने गोल करी. झाडाचा गाभा काठीच्या बरोबर मध्यभागी राहिला पाहिजे, नाहीतर वाळल्यावर ती एका अंगाला वाकते. बुंध्याकडचे टोक होडीच्या कण्यावरील खाचेत बसे. वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांत नवी होडी पाण्यात लोटण्यापूर्वी धर्मगुरूला आशीर्वादासाठी बोलावतात. मंत्रजलाचे काही थेंब त्या काठीवरही पडत असणार.

एका होडीला एक झाड पुरे. आरमाराला मात्र जंगले लागतात, आणि ज्याला जंगले लागतात तो त्यांच्याभोवती कुंपण घालू पाहतो. इंग्लंडच्या राजाने १६९१ च्या सनदेने अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स वसाहतीत, खासगी मालकीबाहेरच्या जमिनीवरील २४ इंचांहून जाड पाइन वृक्ष आपल्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवले. त्या झाडांवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाची खूण केली जाई. बाणाचे झाड तोडणाऱ्याला दंड होई. १७७२ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील वेअर गावी अशाच दंडावरून लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांना मारहाण केली. तीन वर्षांनी युद्ध पेटले, तेव्हा इंग्लंडला तेथून येणाऱ्या डोलकाठ्याही बंद झाल्या.

ईस्ट इंडिया कंपनीने हाच धडा आपल्याकडे गिरवला. १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला मलबारात वनरक्षक नेमण्यात आले. पुढच्याच वर्षी तेथील सागावर कंपनीचा राजहक्क जाहीर झाला. झाड ज्याच्या परड्यात, त्यालाच ते तोडता येईना. लोकांची ओरड इतकी वाढली, की मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या आग्रहाने १८२३ मध्ये ते पद रद्द झाले. कंपनीच्या राज्यात रयतेचे गाऱ्हाणे ऐकून एखादे खाते बंद झाल्याची उदाहरणे थोडी. हे त्यांपैकी एक.

आता आपल्या भागाकडे येऊ. वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, आणि तेथे जहाजे बांधली जात. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि मुंबईची गोदी नावारूपाला आली. या गोदीची भूक मोठी होती. नाशिकच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा आणि त्यांना लागून डांग, असा सलग सागाचा पट्टा आहे. डांगच्या भिल्ल राजांकडून कंपनी सरकारने १८४०च्या दशकाच्या आरंभी जंगल पट्ट्याने घेतले. त्याचे जे पैसे ठरले, त्यांचा वारसा म्हणून आजही होळीपूर्वी आहवा येथे डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना मानधन दिले जाते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनरक्षक झाले. गोदीला लाकूड पुरविणे हे त्यांच्या नेमणुकीचे एक मुख्य कारण होते. गिब्सन यांच्यावर अन्याय मात्र होऊ नये. मूळचे ते वैद्य, दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि कोकणच्या खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते.

इतिहासाचा विनोद असा, की गिब्सन यांच्या नेमणुकीच्या पुढच्याच वर्षी मुंबईच्या गोदीने आपले शेवटचे मोठे शिडाचे युद्धजहाज, ‘मियानी’, पाण्यात सोडले. पुढे जहाजे लोखंडी झाली, वाफेवर चालू लागली. डोलकाठीची आणि सागाची गरज कमी होत गेली. वनखाते मात्र राहिले. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला. आता रुळांखालच्या पट्ट्यांसाठी लाकूड हवे होते. त्याच वर्षी पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. पेठ संस्थानही १८७८ मध्येच खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. समुद्रासाठी घातलेले कुंपण समुद्राची गरज सरल्यावर उलट अधिक उंच झाले.

कुंपणाच्या आत कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी ही माणसे होती. डोंगरउतारावर दळी लावून नाचणी-वरई पिकवायची, भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या-पाला तोडून राब जाळायचा, मोहाची फुले वेचायची, हा त्यांचा वर्षाचा क्रम. नव्या कायद्याने यातील एकेक गोष्ट गुन्हा ठरली, नाहीतर कोणाच्या तरी मेहेरबानीवर राहिली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबावरून इतका असंतोष माजला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आज आपल्या धर्मप्रांताच्या डोंगरी भागात सेवा करणाऱ्या फादर-सिस्टरांना जंगल खात्याच्या जाचाच्या कहाण्या घरोघरी ऐकू येतात. सांगणाऱ्याला मियानी जहाजाचे नाव ठाऊक नसते, आणि ते असण्याचे कारणही नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या कोळी बांधवांच्या होड्यांवर यंत्रे बसली. शीड गेले, डोलकाठी उरली ती दिवा, झेंडा आणि बिनतारी यंत्राच्या तारेपुरती. हौशी दर्यावर्दींच्या शिडाच्या नौकांवर आता ॲल्युमिनियमची काठी असते. तीही मोडते. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले असता सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत होऊन ते पडून राहिले, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. अशा काठीसाठी आज कोणी जंगलात जात नाही.

त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात दुसरा एक प्रवास घडला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी फार मोठ्या संख्येने होते. अंतर सुमारे १८० किलोमीटर. अनेक बाया अनवाणी होत्या आणि त्यांच्या तळपायांची सालटी निघालेली छायाचित्रे सर्वांनी पाहिली. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून, शेवटच्या मुक्कामी विश्रांती न घेता ते रात्रीच चालले आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. वाडियांची जुनी गोदी तेथून पायी फार दूर नाही.

त्यांची एक मुख्य मागणी वनहक्कांची होती. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य केला आहे. दावा सिद्ध करावा लागतो. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतात; तसेच जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या खुणाही चालतात, आणि गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकिगतही चालते.